पोटाचा फ्लू आणि इन्फ्लुएन्झा: फरक कसा ओळखावा, घरी काय करावे आणि तंजावर जिल्ह्यात मोफत उपचार कोठे मिळतात

तंजावर जिल्ह्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी, तसेच शिक्षण, नोकरी किंवा यात्रेच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी भाषकांसाठी ही माहिती दिली आहे. उलट्या-जुलाब झाले की अनेकजण त्याला ‘पोटाचा फ्लू’ म्हणतात. नावात फ्लू असला तरी या आजाराचा इन्फ्लुएन्झाशी संबंध नाही. दोन्हींचे विषाणू वेगळे, पसरण्याचे मार्ग वेगळे आणि उपचारही वेगळे आहेत. गोंधळ झाल्यास नको ती औषधे घेतली जातात आणि लहान मुलाला सर्वांत आधी जे द्यायला हवे, ते म्हणजे पाणी व क्षार, देण्यास उशीर होतो.

थोडक्यात

• पोटाचा फ्लू म्हणजे महाराष्ट्रात ज्याला ‘गॅस्ट्रो’ म्हणतात तो आजार. तो पोट व आतड्यांचा आहे.
• इन्फ्लुएन्झा, म्हणजे खरा फ्लू, हा नाक, घसा व फुप्फुसांचा आजार आहे.
• गॅस्ट्रोमध्ये मुख्य धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा असतो. ओआरएस (जलसंजीवनी) हा पहिला उपचार.
• शासकीय आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या मोफत मिळतात. त्यासाठी विमा कार्ड लागत नाही.
• तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका, तर १०४ वर आरोग्यविषयक सल्ला मिळतो.

फरक कसा ओळखावा?

पोटाचा फ्लू: पातळ जुलाब, उलट्या, मळमळ, पोटात मुरडा ही मुख्य लक्षणे. ताप आला तर बहुधा सौम्य असतो. लहान मुलांमध्ये रोटाव्हायरस आणि सर्व वयांत नोरोव्हायरस ही नेहमीची कारणे आहेत. लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. नोरोव्हायरसचा त्रास बहुधा १ ते ३ दिवसांत थांबतो. रोटाव्हायरसचे जुलाब आठवडाभरही चालू शकतात. दूषित पाणी, अन्न आणि न धुतलेले हात यांतून हा आजार पसरतो.

इन्फ्लुएन्झा: अचानक चढणारा ताप, थंडी, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला, घसादुखी आणि खूप थकवा. ताप साधारण ३ ते ४ दिवस राहतो. खोकला व थकवा दोन आठवडेही राहू शकतो. खोकला व शिंकांतून तो पसरतो. महाराष्ट्रातील वाचकांना २००९ ची स्वाइन फ्लूची साथ आठवत असेल. देशातील त्या साथीचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात नोंदवला गेला. तो इन्फ्लुएन्झाच होता.

एक अपवाद लक्षात ठेवा. इन्फ्लुएन्झा झालेल्या लहान मुलांना उलट्या-जुलाबही होऊ शकतात. त्यामुळे केवळ एका लक्षणावरून निर्णय घेऊ नका. जुलाबांसोबत जोराचा खोकला व अंगदुखी असेल तर डॉक्टरांना तसे सांगा.

तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. कावेरीच्या खोऱ्यात याच दिवसांत पाणी साचते, पिण्याचे पाणी दूषित होण्याची शक्यता वाढते आणि तापाचे रुग्णही वाढतात. डेंग्यूचाही हाच हंगाम असतो आणि डेंग्यूतही उलट्या होतात. म्हणून या काळात ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास रक्ततपासणीसाठी शासकीय रुग्णालयात जावे. तोपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये.

गॅस्ट्रो झाल्यास घरी काय करावे?

१. ओआरएस तयार करा. पाकिटावर लिहिलेले पाण्याचे प्रमाण वाचा. आरोग्य केंद्रात मिळणारे मोठे पाकीट १ लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवायचे असते. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरमध्ये अशी वाटणी करू नका, प्रमाण चुकते. तयार पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्या.

२. प्रत्येक जुलाबानंतर द्या. दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप. त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसांनी तहान लागेल तेवढे प्यावे.

३. उलटी झाली तरी थांबू नका. दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने, सावकाश द्या.

४. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवा. मीठ जास्त झाल्यास मुलाला अपाय होतो, म्हणून मोजूनच घाला. पाकीट मिळताच तेच वापरा.

५. खाणे बंद करू नका. आईचे दूध चालू ठेवा, उलट अधिक वेळा पाजा. मोठ्यांना भाताची पेज (येथील कंजी), मऊ भात, इडली, केळे, ताक (मोर), शहाळ्याचे पाणी (इळनीर) चालते. मात्र पेज, ताक किंवा शहाळे हे ओआरएसला पूरक आहेत, पर्याय नाहीत. थंड पेये आणि डब्यातील गोड रस टाळा. त्यांतील साखरेने जुलाब वाढतात.

६. मुलांना झिंक द्या. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

प्रतिजैविके (अँटिबायोटिक) विषाणूंवर काम करत नाहीत. जुलाब ताबडतोब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नयेत.

दुकानातील ‘ओआरएस’ घेताना

फळांच्या चवीची काही गोड पेये आजवर ओआरएस या नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अन्नपदार्थांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. खरेदी करताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. औषधाच्या दुकानातील साधी पावडर किंवा आरोग्य केंद्रातील मोफत पाकीट हा खात्रीचा पर्याय आहे.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

• मूल सुस्त, ग्लानीत आहे किंवा पिऊ शकत नाही
• डोळे खोल गेले आहेत, तोंड कोरडे आहे, बाळाची टाळू खाली गेली आहे, रडताना अश्रू येत नाहीत
• सहा तासांहून अधिक काळ लघवी झालेली नाही
• शौचातून रक्त पडते
• तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब वारंवार होतात (कॉलऱ्याची शंका)
• प्यायलेले काहीच पोटात राहत नाही
• धाप लागते, छातीत दुखते, ओठ निळसर दिसतात (इन्फ्लुएन्झातील धोक्याचे लक्षण)

दोन महिन्यांखालील बाळ, गर्भवती आणि वृद्ध यांच्या बाबतीत वाट पाहू नये.

तंजावर जिल्ह्यात उपचार कोठे मिळतात?

गावात प्राथमिक आरोग्य केंद्र हे पहिले ठिकाण. त्याच्या तमिळ पाटीवर ‘आरंब सुगादार निलैयम’ असे लिहिलेले असते. शहरात राजा मिरासदार शासकीय रुग्णालय आणि तंजावर वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय आहे. कुंभकोणम व पट्टुक्कोट्टै येथेही शासकीय रुग्णालये आहेत.

तमिळ येत नसल्यास हे शब्द उपयोगी पडतील: जुलाब – वयिट्रुप्पोक्कु; उलटी – वांदि; ताप – काय्च्चल; खोकला – इरुमल; धाप – मूच्चुत्तिणरल; रक्त – रत्तम; मूल – कुळंदै.

संबंधित शासकीय योजना

रोटाव्हायरस लस: सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट. बाळाला ६, १० व १४ आठवड्यांचे असताना तोंडावाटे, मोफत. पहिला डोस राहिला असल्यास बाळ एक वर्षाचे होईपर्यंत सुरू करता येतो.

स्टॉप डायरिया अभियान: केंद्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केले. पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरी ओआरएस व झिंक पोहोचवणे हा त्याचा भाग आहे.

मक्कळै तेडि मरुत्तुवम: ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देणारी तमिळनाडू शासनाची योजना. आपल्या घरातील ज्येष्ठांना अशी औषधे मिळत असतील आणि त्यांना जुलाब होत असतील, तर त्या दिवसांत कोणती गोळी चालू ठेवावी हे आरोग्य कर्मचारी किंवा डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांमुळे शरीरातील पाणी आणखी कमी होऊ शकते.

मुख्यमंत्री सर्वसमावेशक आरोग्य विमा योजना: वार्षिक उत्पन्न १.२० लाख रुपयांपर्यंत असलेल्या तमिळनाडूतील कुटुंबांसाठी; प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडलेली. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. नोंदणी जिल्हाधिकारी कार्यालयातील केंद्रात होते. शिधापत्रिका, आधार व उत्पन्नाचा दाखला न्यावा. महाराष्ट्रात आयुष्मान कार्ड काढलेले असल्यास ते येथील संलग्न रुग्णालयातही चालते. ही संरक्षणे रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहेत.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लूची लस घेतली तर गॅस्ट्रो टळेल का?
नाही. ती लस केवळ इन्फ्लुएन्झापासून संरक्षण देते.

इन्फ्लुएन्झावर औषध आहे का?
बहुतेकजण विश्रांती, भरपूर पाणी व पॅरासिटामॉलने बरे होतात. गर्भवती, वृद्ध, लहान मुले, तसेच दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना डॉक्टर ऑसेल्टामिविर देऊ शकतात. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास ते अधिक उपयोगी पडते.

सॅनिटायझर पुरेसे आहे का?
नोरोव्हायरसवर ते कमी पडते. शौचानंतर, बाळाचे लंगोट बदलल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी साबण व पाण्याने हात धुवा. पिण्याचे पाणी उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या.

कामावर किंवा शाळेत केव्हा जावे?
गॅस्ट्रोमध्ये उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तासांनी. घरात, वसतिगृहात किंवा अन्नदानात स्वयंपाक करणाऱ्यांनी हा नियम कटाक्षाने पाळावा. इन्फ्लुएन्झामध्ये औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. रुग्णाची प्रकृती बिघडत असल्यास वाचत न बसता १०८ क्रमांकावर संपर्क साधा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर चमच्याने ओआरएस देत राहा.