शंकू : खुंटी की घनाकृती?

वर्गात शंकू म्हटले की विदूषकाची टोपी डोळ्यांपुढे येते. परंतु संस्कृतात शंकू म्हणजे मुळात खुंटी किंवा मेख. कात्यायन शुल्बसूत्रात सपाट जमिनीत शंकू रोवून त्याभोवती वर्तुळ काढण्यास सांगितले आहे. सकाळी व दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे टेकते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. पुढे ज्योतिषात १२ अंगुळे उंचीचा शंकू रूढ झाला.

मग घनाकृतीला काय म्हणत? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) निमुळत्या खड्ड्याला 'सूची', म्हणजे सुई, म्हटले आहे. तेवढ्याच तळाच्या व खोलीच्या सरळ खड्ड्याच्या एक-तृतीयांश हे तिचे घनफळ. त्याच ग्रंथात 'शंकू' हे एकावर १३ शून्ये असलेल्या संख्येचेही नाव आहे. ग्रीक भाषेत 'कोनोस' म्हणजे पाइन वृक्षाचे फळ; त्यावरून इंग्रजीतला 'कोन' आला.

आज शंकूचे नाव सूचीला मिळाले आणि सावली मोजणारी खुंटी मागे पडली. मुळशी तालुक्यातील शिक्षकांना ती पटांगणात सहज रोवता येईल. २१ मार्चला १२ सेंमी उंचीची काठी सरळ उभी करावी. तिची सर्वांत आखूड सावली सुमारे ४ सेंमी भरेल. घड्याळात तेव्हा १२ नव्हे, जवळजवळ पाऊण वाजलेला असेल. या सावलीला जुने ज्योतिषी 'पलभा' म्हणत. ४ भागिले १२ हे आपल्या अक्षांशाचे स्पर्शगुणोत्तर! कोष्टकात पाहावे : सुमारे साडेअठरा अंश.