मांजरीचे दात
शिळफाट्याचा आमचा भाग भाताचा. आता फाट्यावर रात्रंदिवस गाड्यांची वर्दळ असते. आमच्या लहानपणी घरोघरी कणगी असायची, आणि कणगी म्हटली की उंदीर आलेच. वर्षाची बेगमी त्यांच्या तोंडी जाऊ नये म्हणून पाळलेलं मांजर लाडाचं नव्हे, कामाचं जनावर होतं.

हे नातं फार जुनं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. धान्य साठलं, उंदीर आले, त्यांच्या मागोमाग मांजर आलं. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. पुढे १९०८ साली ब्युकॅनन नावाच्या डॉक्टरने प्लेग टाळायचा तर मांजरं पाळा, असं मांडलं.

पण उंदीर धरणारं मांजर तयार व्हायचं ते पडवीत. पिल्लू थोरल्या मनीच्या शेपटीवर झडप घालायचं. ती त्याला आडवं पाडून मागच्या पायांनी तुडवायची. आम्ही पोरं ओरडायचो, "आजी, मारतेय त्याला!"

आजी पाखडता पाखडता म्हणायची, "रगात दिसतंय का? मग राहू दे. शिकतंय ते."

खरंच, मनीची नखं आत असायची. पिल्लू जोरात चावलं की ती खेळ टाकून उठून जायची. तेवढ्यानं त्याला दाताचा अंदाज यायचा. कान मागे पडून फिसकारणं सुरू झालं, तरच आजी सूप आपटायची.

मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत, ही म्हण आम्ही अशी डोळ्यांनी पाहिली. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू मागायला कुणी आलं, तर आजीचं उत्तर ठरलेलं, "आधी आईचा मार खाऊ दे त्याला."