राणीच्या बागेतली झाडं

सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईला, भायखळ्याच्या राणीच्या बागेत जायचं ठरवलंत, तर बुधवार टाळा. त्या दिवशी बाग बंद असते. मुलं पेंग्विनकडे ओढतील, पण आधी झाडं दाखवा. कारण इथे झाडं आधीची, प्राणी नंतरचे. १८६२ साली ही बाग खुली झाली ती वनस्पतींसाठी. प्राणी आले पुढे, १८९० च्या सुमारास. राणी म्हणजे व्हिक्टोरिया. आता बागेला वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्यानं उभारायचा मोठा आराखडा आला. जुन्या झाडांवर गदा येणार, हे मुंबईतल्या काही बायकांनी ओळखलं. त्यांनी झाडं मोजली, त्यांची नावं लिहून काढली; तीन हजारांवर भरली. वर्षानुवर्षं महापालिकेकडे पाठपुरावा केला. शेवटी आराखडा बदलावा लागला.

म्हणून सकाळीच जा. गोरखचिंचेच्या बुंध्याला मुलांना हातांचं कडं घालून बघू द्या. कैलासपतीची फुलं दाखवा. परतताना पाच झाडांची नावं तरी त्यांना पाठ असू देत. नाव ठाऊक असलेलं झाड कुणी तोडायला आलं, तर विचारणारं कुणीतरी असतं.