ढिगाऱ्यावरची माती

ओस पडलेल्या गावठाणातली पांढरीची माती आपले शेतकरी गाड्या भरून काळ्या रानात नेत आले. राख, शेण, हाडे मुरलेली ती माती कसदार खरी, पण तिच्यापायी पुरातत्त्वाची कितीतरी टेकाडे नाहीशी झाली. बर्लिनमध्ये मला नेमका उलटा प्रकार सापडला. तिथे पडलेल्या शहरावरच माती घातली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर राडारोडा उरला. धड विटा बायकांनी चुना खरवडून वेगळ्या काढल्या. उरलेला माल पश्चिम बर्लिनने १९५० पासून ग्रुनेवाल्डच्या जंगलात ओतला. त्या जागी नाझींच्या लष्करी तंत्रविद्यालयाचा अर्धवट सांगाडा उभा होता. त्याची कोनशिला हिटलरने १९३७ मध्ये बसवली होती. तो सांगाडाही ढिगात गेला. १९७२ मध्ये भर थांबली तेव्हा समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंचीचा टॉयफेल्सबर्ग, म्हणजे सैतानाची टेकडी, तयार झाला होता.

पण विटांच्या चुऱ्यावर झाड जगते कसे? गिलाव्यातल्या चुन्यामुळे हा थर अल्कधर्मी, कुजकट जवळपास नाहीच आणि पाणी झरझर खाली जाते. वीट मात्र सच्छिद्र असल्याने थोडी ओल धरते. म्हणून वर सुपीक मातीचा थर पसरून झाडे लावली. दक्षिण उतारावर काही काळ द्राक्षवेलीही होत्या!

जिथे माती घातलीच नाही, त्या मोकळ्या ढिगांकडे हर्बर्ट सुकोप या वनस्पतिशास्त्रज्ञाचे लक्ष गेले. तिथे उत्तर अमेरिकेतून आलेला रोबिनिया आपसूक उगवला. शेंगावर्गीय झाड, मुळांच्या गाठींतून हवेतला नत्र घेणारे. त्याला आयत्या मातीची गरज कमी. आपल्या चाकवताच्या कुळातली एक चिकट, वासाची वनस्पतीही विटांच्या चुऱ्यात फोफावली. शहराचे परिसरशास्त्र ज्या अभ्यासांतून उभे राहिले, त्यांत हे ढिगारे महत्त्वाचे आहेत. मातीखाली झाकलेल्या टेकडीपेक्षा उघड्या ढिगाने जास्त शिकवले, असे मला वाटते.

पूर्व बर्लिनमधल्या फ्रिडरिक्सहाइन बागेची गोष्ट मात्र मनातून जात नाही. तिथल्या विमानविरोधी तोफांच्या बुरुजात संग्रहालयातली चित्रे सुरक्षिततेसाठी ठेवली होती. मे १९४५ मधल्या आगींत कारावाज्जो, रूबेन्स यांच्यासह चारशेहून अधिक चित्रे गेली. १९४६ मध्ये बुरूज सुरुंगाने फोडले, त्यांवर राडारोडा रचला, वर माती घालून झाडे लावली. मोठ्या टेकडीच्या माथ्यावर बुरुजाचा काँक्रीटचा कठडा अजून मातीबाहेर आहे आणि लोक त्यावर टेकून सूर्यास्त पाहतात.