एंजलचा धबधबा कोणाला सापडला?

गिरसप्प्याचा धबधबा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याची उंची सुमारे २५३ मीटर. असे जवळजवळ चार गिरसप्पे एकावर एक उभे करा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएलाचा एंजल धबधबा होतो. त्याची उंची ९७९ मीटर; जगातला सर्वांत उंच धबधबा म्हणून तो ओळखला जातो. नाव ऐकून देवदूत डोळ्यांपुढे येतात, पण तसे काही नाही. एंजल हे एका अमेरिकन वैमानिकाचे आडनाव.

परीक्षेत ‘अमुक शोध कोणी लावला?’ असा एका ओळीचा प्रश्न आम्ही मास्तर लोक हटकून घालतो. या धबधब्याबाबत तो घालून पाहा, पंचाईत होते.

आधी जागा समजून घेऊ. पाचगणीचे टेबललँड आठवते ना? तसाच सपाट माथ्याचा, पण वालुकाश्माचा आणि सुमारे ७०० चौरस किलोमीटर पसरलेला एक डोंगर, आउयान-तेपुई. चोहोबाजूंनी सरळसोट कडे, माथ्यावर ढग, पायथ्याला घनदाट अरण्य. त्याच्या पोटात चुरून नदीची खोल दरी शिरली आहे आणि धबधबा त्या दरीत पडतो. लांबून दिसायचाच नाही. १९२७ पासून फेलिक्स कार्डोना नावाचा कातालान संशोधक या मुलखात पायी नि होडीने हिंडत होता.

जिमी एंजल आला तो मात्र सोन्यासाठी. एका डोंगरमाथ्यावर सोन्याचा ओढा आहे, असे त्याने मनाशी घट्ट धरले होते. १९३३ च्या नोव्हेंबरात विमानातून त्याला हा धबधबा दिसला. सांगितले, तर फारसे कोणी मनावर घेतले नाही! वैमानिकांच्या गप्पा म्हणून लोकांनी सोडून दिले असावे.

९ ऑक्टोबर १९३७ ला त्याने विमान थेट त्या माथ्यावर उतरवले. बरोबर पत्नी मारी, गुस्ताव्हो हेनी आणि मिगेल देल्गादो. जमीन वरून कोरडी दिसली, आत चिखल होता. चाके रुतली, विमान नाकावर आले. सोने मिळाले नाही ते नाहीच. कड्यावरून उतरून कामाराता गावी पोहोचायला चौघांना अकरा दिवस लागले. उतरता आले, कारण हेनीने आणि कार्डोनाने त्या डोंगराची वाट आधी पायी धुंडाळली होती. वृत्तपत्रांत गाजला तो वैमानिक. माझ्या मते त्या अकरा दिवसांचे श्रेय त्या पायवाटेला जास्त आहे, पण पायवाटेचे नाव धबधब्याला कोण देणार?

उंची मोजायची अजून बाकीच होती. ते काम रूथ रॉबर्टसन या अमेरिकन वार्ताहर बाईंनी १९४९ मध्ये तडीस नेले. डोंगी होड्यांतून नदी चढत, मग जंगल तोडत त्यांची तुकडी पायथ्याशी गेली. वाटाड्या अलेक्सांद्र लाइमे हा लाटव्हियन. तो १९४६ मध्येच तिथवर जाऊन आला होता. ९७९ मीटर हा आकडा याच मोहिमेचा.

आणि या होड्या वल्हवणारे, ओझी वाहणारे कोण? पेमोन लोक. हा त्यांचाच मुलूख. धबधब्याला ते केरेपाकुपाई मेरू म्हणतात, म्हणजे सर्वांत खोल जागेचा धबधबा. (त्यांच्या भाषेत ‘मेरू’ म्हणजे धबधबा, आपल्या मेरू पर्वताशी त्याचे काही नाते नाही बरे का.) या नावात पाण्याच्या उंचीपेक्षा जागेची खोली आली आहे, हे लक्षात घ्या. खालून, नदीकाठाने येणाऱ्या माणसाला तीच आधी जाणवत असणार. वरून उडत आलेल्याला कशी जाणवावी?

१९६२ मध्ये इथे कानाइमा राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ह्यूगो चावेझ यांनी जाहीरपणे सांगितले, की यापुढे पेमोन नावच वापरावे. जगाच्या तोंडी मात्र एंजल बसला तो बसला.

तो एंजल १९५६ मध्ये पनामात वारला. १९६० मध्ये त्याची रक्षा विमानातून धबधब्यावर टाकण्यात आली. त्याचे ते रुतलेले विमान तेव्हाही वर तसेच उभे होते. १९७० मध्ये हेलिकॉप्टरने ते खाली आणले.