काचीगुड्याची गाडी आणि ज्वारीची भाकरी

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराला पाहुण्यांचा तोटा कधी पडला नाही, आणि त्यांतले निम्मे पाहुणे आजारी असत. कारण साधे होते. काचीगुडा स्टेशन घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत येणारी मीटरगेज गाडी तिथे येऊन थांबे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पण दुखणाऱ्या माणसाला नव्या हद्दी कुठल्या ठाऊक! देगलूर, बिलोली, धर्माबादकडची मंडळी पूर्वीप्रमाणेच पळीभर तूप, शेरभर डाळ आणि एक रोगी घेऊन बरकतपुऱ्यात उतरत राहिली.

अशीच एकदा आमची चुलत आत्या आली. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची, १९६५च्या सुमाराची. आईकडून अनेकदा ऐकलेली. आत्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काळे, सोललेले चट्टे होते. गळ्याभोवती तसेच काळे कडे उमटलेले. पोट सतत बिघडलेले. झोप नाही, कुणाशी बोलणे नाही. बोललीच तर असंबद्ध. गावाने निकाल देऊन टाकला होता : भानामती. आपल्या सीमाभागात हा शब्द किती सहज उच्चारला जातो, हे मी वाचकांना सांगायला नको. दोन वर्षे अंगारे, उतारे, दोरे झाले. शेवटी माझ्या वडिलांनी हट्टाने तिला गाडीत घातले.

शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचे हात पाहिले, गळा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “बाई, जेवता काय?” आत्याच्या नवऱ्याला प्रश्नच कळेना. जेवायचे काय? भाकरी. आणि भाकरीबरोबर? मिरचीचा ठेचा. डाळ सणावाराला, दूध विकायला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि डाळ-दूध लिहून दिले. तीन आठवड्यांनी आत्या आईला म्हणाली, “वहिनी, आज भाजीला मीठ कमी पडलं.” हे वाक्य सांगताना आईचे डोळे दर वेळी भरून येत. दोन वर्षांत आत्या शुद्धीतले असे पहिलेच वाक्य बोलली होती.

मी वैद्यकाचा माणूस नव्हे. इतिहास हा माझा विषय. पुढे वाचनात आले तेव्हा आत्याच्या आजाराला नाव मिळाले : पेलाग्रा. शब्द इटालियन, अर्थ खरखरीत कातडी. स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्याने १७३५च्या सुमारास मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो पाहिला. गळ्याभोवतीच्या त्या काळ्या कड्याला आजही ‘कासालचा कंठा’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात याच रोगाने थैमान घातले. तो संसर्गाने होतो असा समज होता. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४पासून काम करून दाखवून दिले, की तो निकृष्ट आहाराचा रोग आहे. १९३७ साली नायसिन या जीवनसत्त्वाचा शोध त्याला जोडला गेला.

पण हे सारे मक्याविषयी. मक्यातले नायसिन शरीराला सहजी मिळत नाही आणि ज्यापासून शरीर स्वतः नायसिन बनवते ते ट्रिप्टोफॅनही मक्यात कमी. ज्वारीला हा न्याय लागू पडेना. तरीही दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्यांनाच हा रोग होत होता. असे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारी माणसे आमच्या घरापासून फार दूर नव्हती. बरकतपुऱ्यातून नल्लाकुंटा, विद्यानगर ओलांडले की उस्मानिया विद्यापीठाचा परिसर लागतो आणि त्याला लागूनच तार्नाका. १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी एका खोलीत आहारविषयक संशोधन सुरू केले होते. वाढत गेलेली ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेत, विद्यापीठाच्या शेजारी आली. १९६९ साली तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था झाले. योगायोग असा, की ज्या १९५८ साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले आणि आमची मुले उस्मानियाकडून औरंगाबादकडे वळली, त्याच साली आमच्या भाकरीचा अभ्यास करणारी संस्था उस्मानियाच्या दाराशी आली.

१९६० साली डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे : ज्वारीत ल्यूसिन नावाचा घटक फार असतो आणि शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवते त्या कामात तो अडथळा आणतो. म्हणजे ज्वारीत काही कमी आहे असे नव्हे, एक गोष्ट जास्त आहे. जगभर त्यावर चर्चा झाली. पुढे परदेशातल्या काही प्रयोगशाळांना प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसा परिणाम आढळला नाही आणि वाद बराच काळ चालला. शास्त्रात असे व्हायचेच. पण एका गोष्टीबद्दल वाद नव्हता. ज्वारीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे, पालेभाजी असणाऱ्या घरात हा रोग दिसत नसे. तो दिसे तो कोरड्या भाकरीवर राबणाऱ्याला. दोष भाकरीचा नव्हता. भाकरीशेजारच्या रिकाम्या जागेचा होता.

हीच दृष्टी पुढे आणखी मोठ्या प्रश्नाला लागू पडली. त्या काळी जगातल्या थोर संस्थांना वाटत होते, की गरीब देशांतल्या मुलांना प्रथिने कमी पडतात. १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने येऊ घातलेल्या ‘प्रथिनांच्या संकटा’वर अहवालही काढला. महागडी प्रथिनयुक्त पिठे गरीब देशांच्या गळी उतरवण्याच्या योजना होऊ लागल्या. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादजवळच्या खेड्यांतल्या लहान मुलांना चौदा महिने रोज एक गोड वडी दिली. तिच्यात सुमारे ३१० कॅलरी होत्या आणि प्रथिने केवळ ३ ग्रॅम. तरीही ती मुले इतर मुलांपेक्षा उंचीने आणि वजनाने चांगली वाढली. १९७३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष आपल्या आजीलाही पटेल असा : पोराला आधी पोटभर जेवू घाला. उपाशी पोटात घातलेले प्रथिनही इंधन म्हणून जळून जाते. जगाचे धोरण बदलण्यात या खेड्यांतल्या मुलांचा वाटा आहे. पण त्यांच्यातल्या कितीजणांना तो ठाऊक असेल?

तिसरी हकीकत अलीकडची. १९८७ ते १९९० या काळात हैदराबादजवळच्या २९ खेड्यांत संस्थेने आणखी एक अभ्यास केला. एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, १९७५ साली सुरू झाली होती. पण ती सर्वत्र पोचली नव्हती. त्यामुळे १५ खेड्यांत गरोदर बायांना आणि लहान मुलांना मका-सोयाच्या पिठाचा उपमा मिळत होता आणि १४ खेड्यांत योजना अद्याप यायची होती. पंधरा वर्षांनी शास्त्रज्ञ पुन्हा त्याच दारांत गेले. या वेळी लंडनच्या आरोग्य-विद्यालयाचे आणि ब्रिस्टल विद्यापीठाचे संशोधक त्यांच्यासोबत होते. २००८ साली निष्कर्ष छापून आले : उपमा मिळालेल्या खेड्यांतली मुले सरासरी सुमारे १४ मिलिमीटर उंच होती, त्यांच्या रक्तवाहिन्या कमी ताठर होत्या, पुढे मधुमेहाकडे नेणारी खूणही त्यांच्यात कमी होती. आईच्या पोटात असताना मिळालेला घास पंधरा वर्षांनी रक्तवाहिनीत सापडावा, याहून मोठा पुरावा कोणता?

आपल्या पुण्यातही असेच काम झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या सहकार्याने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. दूध, पालेभाज्या आणि फळे जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळे जन्मतः मोठी आढळली. गोष्ट पुन्हा तीच, भाकरीशेजारच्या जागेची.

आता काळ उलटला आहे. आंध्रात १९८३ साली दोन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला, आपल्याकडे रेशनचा गहू आला आणि रोजची ज्वारी ताटातून हळूहळू सरकली. पेलाग्राचा रोगी आता क्वचितच दिसतो. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि जी भाकरी गरिबाची म्हणून हिणवली गेली ती आता हॉटेलात कौतुकाने वाढली जाते. तेलुगू शेजारी तिला जोन्न रोट्टे म्हणतात, कानडी जोळद रोट्टी, पदार्थ एकच. ज्वारी परत येते याचा आनंदच आहे. फक्त ती परतताना तिच्याशेजारी डाळ असू द्यावी, एवढे आत्याच्या गळ्यातल्या कड्याने आम्हाला शिकवले.

शिक्षक म्हणून मला बोचते ते वेगळेच. या सर्व अभ्यासांत विद्यापीठांनी आणि संस्थांनी बुद्धी दिली, खेड्यांनी आपले रक्त, आपल्या मुलांची उंची आणि आपल्या घरातले ताट उघडून दाखवले. दोघांचे मिळून ज्ञान झाले. पण ते छापले गेले इंग्रजीत, लंडनला किंवा अमेरिकेत. ज्या बाईने आपला दंड मोजून दिला तिच्या भाषेत ते परत किती आले? मोजमाप घेणारा एकदा येतो, उत्तर घेऊन परत येतो तेव्हाच भागीदारी पुरी होते.

म्हणून गेली काही वर्षे मी आमच्या शाळेत एक साधे काम करतो. जून आणि जानेवारीत नववीच्या मुलामुलींची उंची आणि वजन आम्ही नोंदवहीत लिहितो. अशी मोजणी अनेक शाळांत होते. आम्ही एवढेच अधिक करतो, की प्रत्येक मुलाचा आकडा त्याच्या आईला बोलावून, मराठी असेल तर मराठीत आणि तेलुगू असेल तर तेलुगूत, समजावून सांगतो. परवा एका मुलीची आई वहीकडे पाहून म्हणाली, “सर, ही सहा महिन्यांत काहीच वाढली नाही होय?” मग आम्ही दोघे तिच्या ताटाविषयी बोललो. बाई म्हणाल्या, सकाळी ही काही न खाताच येते. दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या डब्यात भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि वरण येऊ लागले आहे. जानेवारीची नोंद अजून व्हायची आहे.