पोते, पेटी, कपाट : सुताराच्या हत्यारघराची कुळकथा

सुताराच्या हत्यारांसाठी खास घडवलेले लाकडी कपाट, म्हणजे ज्याच्या दारांच्या आतल्या अंगाला करवती टांगलेल्या असतात, खणांत रंधे बसतात आणि प्रत्येक पटाशीला तिच्या मापाची खोबण मिळते असे कपाट, चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या घडत आले असेल, अशी कल्पना सहज होते. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात सुताराला वाढई म्हणतात, आणि बलुतेदारीच्या काळात, म्हणजे गावाची ठरलेली कामे करून सुगीला धान्यरूपाने मोबदला घेण्याची रीत चालू होती तेव्हा, वाढयाची हत्यारे पोत्यात राहत.

याचे कारण केवळ गरिबीत शोधणे बरोबर नाही. वाढई जमिनीवर बसून, लाकूड पायांनी दाबून धरून वाकसाने तासत असे. वाकस म्हणजे ज्याचे पाते दांड्याला आडवे बसवलेले असते असे तासणीचे हत्यार. नांगर, वखर आणि बंडी ही त्याची मुख्य कामे शेतकऱ्याच्या अंगणात किंवा खळ्यावर होत, त्यामुळे वाकस, किकरे, पटाशी, करवत, काटकोन तपासण्याचा गुण्या आणि दोरीने फिरवून भोके पाडण्याचा सामता एवढा सगळा संसार खांद्यावरून नेता येणे हीच त्याची खरी सोय होती. ज्याच्या धंद्याला भिंतच नव्हती, त्याला कपाट लागावे कशाला? हत्यारे ओळीने मांडली जात ती खंडेनवमीला, पूजेपुरती.

हत्यारे पेटीत ठेवण्याची चाल जगात पुष्कळ जुनी आहे. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर मेस्टरमीर येथे १९३६ मध्ये शेत नांगरताना व्हायकिंगकाळातील ओकची एक पेटी निघाली, तिच्यात आणि तिच्याभोवती लोहारकाम व सुतारकामाच्या हत्यारांसह दोनशेहून अधिक वस्तू होत्या. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज सुताराची पेटी बाहेरून साध्या रंगाची आणि आतून सरकत्या खणांची असे. अमेरिकेत पियानो व ऑर्गन घडवणाऱ्या हेन्री स्टडली या कारागिराने तीच पेटी भिंतीवर उभी टांगून तिच्यात सुमारे तीनशे हत्यारे बसवली. कारागीर फिरायचा थांबला तेव्हा पेटी उभी राहिली आणि तिला दोन दारे आली, असा हा वंशविस्तार थोडक्यात सांगता येतो.

चंद्रपूरकडे हा बदल कारखान्यांच्या वाटेने आला असे मानायला जागा आहे. वरोऱ्याच्या कोळसा खाणी आणि तिथपर्यंतची रेल्वे १८७०च्या दशकातील. बल्लारशहा-काझीपेठ मार्ग १९२९ मध्ये पुरा झाला, १९४५ मध्ये बल्लारपूरला कागद गिरणी स्थापन झाली, आणि १९५०पासून देशभर कारागीर प्रशिक्षणाच्या योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आजच्या आयटीआय, उभ्या राहू लागल्या. अशा ठिकाणी सुतार उभा राहून, लाकूड शिकंज्यात आवळून काम करतो, आणि मुख्य म्हणजे हत्यारे त्याची नसतात. ती संस्थेची, डेडस्टॉक नोंदवहीत क्रमांक पडलेली असतात. म्हणूनच कार्यशाळेतल्या कपाटात प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगवलेली दिसते, जेणेकरून संध्याकाळी कोणती जागा रिकामी आहे हे एका नजरेत कळावे. पुढे कारागिराने हौसेने घडवलेल्या देखण्या कपाटातही हीच मांडणी राहिली. तिचे मूळ भांडारपालाच्या हिशेबात आहे.

लाकडाची गोष्ट याहून विलक्षण आहे. गडचिरोलीतील आलापल्लीचे सागवान देशभर वाखाणले जाते, आणि अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत रवाना झाले. पण १८७८च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि त्यांतला साग सरकारी झाला; गावकऱ्यांना निस्तार, म्हणजे घरगुती व शेतीच्या गरजेपुरते लाकूड-काटूक नेण्याची मुभा, तेवढी उरली. बाकीचे सागवान डेपोत थप्पी लावून लिलावात जाते. परिणामी सागाच्या सावलीत राहणाऱ्या वाढयाची स्वतःची पेटी बहुधा आडजात लाकडाची, म्हणजे सागाखेरीज इतर जातींची, निघते. यात अन्याय आहे हे खरेच, पण त्यामुळे आडजातीचे गुण मात्र बारकाईने पारखले गेले: दांड्यांना चिवट धावडा, आणि खणांना शिवण, कारण शिवणीचे लाकूड हलके असून ऋतुमानाने फारसे फुगत-आटत नाही.

तरीही हत्यारांच्या कपाटाला सागाइतके योग्य लाकूड नाही. ओकमधील आम्ले दमट हवेत लोखंडाला गंज चढवतात, उलट सागाच्या अंगच्या तेलामुळे त्याला लागून असलेले पोलाद टिकते. जहाजबांधणीत सागाला मान मिळाला तो याही गुणामुळे. उधई, म्हणजे वाळवी, त्याच्या पक्क्या गाभ्याला सहसा लागत नाही. मात्र चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांपर्यंत चढतो आणि पाठोपाठ धो धो पावसाळा येतो, तेव्हा फूटभर रुंदीची सागाची फळीसुद्धा आडव्या अंगाने दोन-तीन मिलिमीटर हलते, लांबीत मात्र जवळजवळ तसूभरही नाही. यासाठी दार एकसंध फळीचे न करता चौकट करतात आणि तिच्या खोबणीत पातळ फळी सरस न लावता मोकळी बसवतात, म्हणजे ती चौकट न फोडता आत-बाहेर होऊ शकते. चौकटीचे कोपरे कूस आणि साल यांनी जुळतात; एका लाकडाचे टोक कोरून काढलेली जीभ ती कूस, आणि दुसऱ्यात तिच्यासाठी पाडलेली खाच ती साल. खणाच्या पुढच्या कोपऱ्यांना डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखा टोकाकडे रुंद होत जाणारा दातेरी सांधा घालतात, कारण खण ओढताना बसणारा हिसका नुसत्या खिळ्याला फार दिवस सोसत नाही. शेवटी जवसाचे तेल किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख हाताने चढवतात.

आज असे कपाट करणारा कारागीर डेपोतल्या लिलावात बोली लावत नाही. तिथले गोल लाकूड मोठ्या व्यापाऱ्यांसाठी असते. तो जुनी घरे पाडली जातात तिथून तुळया आणि चौकटी घेतो. अनेक दशके सुकलेले हे लाकूड नव्या सागापेक्षा कमी वाकते, फक्त त्याच्या पोटात तुटून राहिलेले खिळे असतात, म्हणून करवत लावण्याआधी तो तुळईच्या चारही अंगांवरून लोहचुंबक फिरवतो आणि सापडलेला प्रत्येक खिळा जमुऱ्याने उपटून काढतो.